फोन टेकवला, ‘जेन्युइन’ आलं, ८७,१८० रुपये गेले

खोटी ब्रँडेड बॅग खरी समजून घेतली, तिचा आकडा आधी सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचं त्यांचं हसून होईल. टोकन १०,००० यूपीआयने. बॅग हातात घेताना ५१,००० यूपीआयने, २५,००० रोख. वरून ‘मालकी ट्रान्सफर’चे १,१८०, म्हणजे हजार आणि अठरा टक्के जीएसटी. पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता, तेही नंतर दिसलं.

माल म्हणजे शनेलची वापरलेली, साखळीवाली छोटी काळी बॅग. खेड्यात शनेल काहून लागली, हे पोलीस ठाण्यातल्या साहेबापासून साळ्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. बायको पार्लरसोबत शालू, लेहेंगे, दागिने भाड्याने देते. कापसाचा चुकारा हाती आला की लग्नं निघतात आणि आता प्री-वेडिंगच्या फोटोत ब्रँडेड पर्स पाहिजेच. दिवसाचं भाडं २,०००, चव्वेचाळीस तारखांत पैसे वसूल. हिशोब चूक नव्हता. सातशेची डुप्लिकेट आजकालच्या पोट्ट्या फोटो मोठा करून ओळखतात, म्हणून खरी घ्यायची होती.

विकणारा नागपूरचा, वर्धा रोडवरच्या हॉटेलात भेटला. तोच म्हणाला, “माझ्यावर विश्वास ठेवू नका दादा, बॅगेतल्या चिपवर ठेवा.” अस्तरावर फोन टेकवला, टिंग वाजलं, पान उघडलं: बॅगेचा फोटो, हिरवी खूण, ‘जेन्युइन’.

खरी लाज पुढे आहे. माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. हॉटेलांच्या काउंटरवर रिव्ह्यूसाठी जे गोल स्टिकर असतात ते मी स्वतः लिंक लिहून लावून देतो. सवयीने मी चिप वाचायचं ॲपही उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: एनटॅग २१३, १४४ बाइट, रायटेबल, म्हणजे कोणीही पुसून पुन्हा लिहू शकेल अशी. हीच चिप, वीस-पंचवीस रुपयांची, माझ्या ड्रॉवरमध्ये पाकिटाने पडलेली असते. मी ते वाचलं आणि फोन खिशात टाकला. लाखांच्या घरातली पर्स विकणारी कंपनी माझ्या ड्रॉवरमधला स्टिकर, तोही कुलूप न लावता, कशाला वापरेल? एवढा एक प्रश्न नाही सुचला. हिरवी खूण डोळ्यांत भरली होती, बस.

चिप स्वतः काहीच सिद्ध करत नाही, तिच्यात लिहिलेली लिंक ती फोनला देते. ‘जेन्युइन’ म्हणणारं पान चोराच्याच सर्व्हरवर होतं. पत्त्यात ब्रँडचं नाव, पण त्याला मागे एक जास्तीचा शब्द चिकटवलेला. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह चोरालाही फुकट मिळतं. घरी येऊन लिंकमधल्या सिरीयलचं शेवटचं अक्षर बदललं, तरी ‘जेन्युइन’. सिरीयलच्या जागी माझ्या दुकानाचं नाव टाकलं, तेही ‘जेन्युइन’! ही तपासणी पैसे देण्याआधी करायची असते.

बरं, शनेलने २०२१ पासून सिरीयल नंबरचा जुना स्टिकर आणि कार्ड बंद करून बॅगेत धातूची छोटी पट्टी लावली. तिच्यावर अंक-अक्षरं मिळून आठांचा कोड, चिप पट्टीच्या आतच, आणि ती वाचायचं यंत्र त्यांच्या दुकानात. गिऱ्हाइकाच्या फोनवर पान उघडायचा तिथे संबंधच नाही. म्हणजे माझा फोन वाजला तिथेच माल खोटा ठरला होता, आणि मी त्या आवाजावर पैसे मोजले. वर मला पट्टीही मिळाली आणि काळं कार्डही. पट्टीवाल्या बॅगेसोबत कार्ड येत नाही. मी मात्र ‘कार्डसकट मिळाली’ म्हणून खूश.

धातूला साधा स्टिकर चिकटवला तर तो वाचला जात नाही, मागे फेराइटचा थर लागतो. तो खर्च वाचवायला चोरांनी स्टिकर पट्टीपासून दोन बोटं दूर, अस्तराखाली सरकवला होता. अंगठा दाबून फिरवला की २५ मिलिमीटरची चकती नाण्यासारखी हाताला लागते.

प्रत्येक ब्रँडची रीत वेगळी, ती आधी पाहून घ्या. लुई व्हिटॉनने २०२१ मध्ये डेट कोड (बॅग कधी-कुठे बनली ते सांगणारा छापील कोड) सोडून चिप घेतली, तेव्हा नव्या बॅगेवर कोणी डेट कोड ‘पुरावा’ म्हणून दाखवला तर सावध. मॉन्क्लरची चिप २०१६ पासून गिऱ्हाइकाला तपासता येते, पण कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. विकणाऱ्याने उघडून दिलेल्या पानावर तपासू नका. चिपचा यूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा नंबर, ०४ ने सुरू होतो, ‘बघा ओरिजिनल’, असं म्हणतील. तो ०४ चिप बनवणाऱ्या एनएक्सपीचा आहे, बॅग बनवणाऱ्याचा नाही.

पक्की चिप असते ती एनटॅग ४२४ डीएनएसारखी. आत लपवलेल्या एईएस-१२८ या गुप्त चावीने ती प्रत्येक वेळी नवी लिंक तयार करते. दोनदा टेकवा. लिंक तीच आली तर साधा स्टिकर समजा. बदलली तरी पत्ता कोणाचा ते पाहाच, बदलती लिंक चोरालाही बनवता येते. उलट फोन गप्प राहिला म्हणून माल खोटा असंही नाही. कपड्यांच्या कित्येक टॅगांत यूएचएफ, म्हणजे वेगळ्याच रेडिओ लहरींवरची चिप असते, ती भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवर चालते. फोनची एनएफसी, म्हणजे टेकवून चिप वाचायची सोय, १३.५६ वर, तिला ती दिसतच नाही.

आता सरकारी पाहुणचार. ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी, “बॅग भेटली ना? मंग फसवणूक कायची?” तिसऱ्या दिवशी म्हणे, हा ट्रेडमार्कचा विषय, डीवायएसपी लागतात. अर्धं खरं. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११५ खाली जप्तीला त्या दर्जाचा अधिकारी आणि रजिस्ट्रारचं मत लागतं. पण माझी तक्रार ट्रेडमार्कची नव्हतीच. खोटं दाखवून पैसे घेतले, भारतीय न्याय संहिता कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. हे बोललो तर, “तू वकील हायस का?” जिल्ह्याच्या सायबरवाल्यांनी सांगितलं, ओटीपी गेला नाही, खातं हॅक झालं नाही, पैसे तुम्हीच पाठवले, ठाण्यात जा. ठाण्यात म्हणे, लिंकचं प्रकरण हाय, सायबरला जा. दोन्हीकडे मिळून सात खेटे झाले. बँक म्हणाली, व्यवहार ग्राहकाने स्वतः केला. एका वकिलाने तर ‘धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही’ म्हणून वाटेला लावलं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणारा ग्राहकच धरला आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. हे कोणी सांगितलं नाही, स्वतः वाचून काढलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा. मी पाचव्या दिवशी केला, तोवर ६१,००० पुढच्या खात्यांत पांगले होते. २५,००० रोखीचा तर पुरावाच नाही.

आणि रागाच्या भरात अस्तर उसवू नका. मी एकट्याने उसवलं, आता ठाण्यात म्हणतात, चकती तूच टाकली कशावरून? आधी दोन माणसं बसवून सलग व्हिडिओ घ्यायला पाहिजे होता. ते पान नवव्या दिवशी बंद पडलं. स्क्रीनशॉट आहेत, पण त्यांना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

शेवटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली एसपींना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली. पोचपावती आली, उत्तर नाही. बॅग ठाण्यातल्या कपाटावर आहे. ती जमा केल्याची पावती मागितली, तर साहेब आले की देतो म्हणतात.