सेकंडहँड मिररलेस घेताना मी कुठे फसलो

जागरण-गोंधळ, रात्रीची कीर्तनं, जत्रेतली पालखी. माझं बहुतेक काम अपुऱ्या उजेडातलं. जुन्या क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरच्या, डीएसएलआरला ते झेपेना, म्हणून तीन महिने तुलना करत बसलो: नवा कॅनन आर10 की सेकंडहँड सोनी ए7 थ्री? दोन्ही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे. मेगापिक्सेल दोघांचेही 24. पण आर10 एपीएस-सी, म्हणजे पुन्हा क्रॉपच, बॉडीत हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, कार्डाचा स्लॉट एकच. सोनी 2018 चा असला तरी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, दोन स्लॉट, बॅटरीही दणकट. सोनीच घ्यायचा हे ठरलं, आणि ते आजही मला चुकीचं वाटत नाही. घात झाला तो हातात आलेली बॉडी तपासताना.

विकणारा लग्नाचं शूटिंग करणारा. जाहिरातीत फुलाफुलांच्या मेणकापडावर कॅमेरा ठेवलेला, खाली ‘शटर फक्त 18 हजार’, म्हणजे शटर तेवढ्याच वेळा उडालेलं. सोनीने या शटरची चाचणी दोन लाखांपर्यंत केलेली, त्यामुळे मी तिथेच विरघळलो. पण व्हिडिओचे तास शटरच्या आकड्यात धरलेच जात नाहीत, आणि लग्नवाल्यांचा निम्माअधिक वेळ व्हिडिओतच जातो. हे तेव्हा सुचायला हवं होतं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटलो. त्याने स्वतःचीच 28-70 लेन्स लावून दिली. दहा-बारा फोटो काढले, स्क्रीनवर झूम करून पाहिले, सगळे स्वच्छ. पंच्याऐंशी हजार जागच्या जागी ट्रान्सफर केले.

घरी मेनू चाळताना एपीएस-सी एस35, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा क्रॉप मोड, चालू दिसला. तो बंद करून भिंतीचा फोटो काढला. उजव्या कडेजवळ वरपासून खालपर्यंत जांभळट रेघ. पुन्हा काढला, पुन्हा तिथेच. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने बघताक्षणी विचारलं, “वरातीत लेझर होतं का?” मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो. कॅमेरा चालू असला की तो उघडाच, आणि डीजेच्या लेझरचा एक झोत त्याला पुरतो. सेन्सर बदलण्याचा खर्च किमतीच्या निम्म्याहून जास्त सांगितला.

क्रॉप मोडमध्ये दोन्ही बाजूंची सहा-सहा मिलिमीटरची पट्टी फोटोत येतच नाही. रेघ नेमकी त्या पट्टीत होती. फुल फ्रेम लेन्स लावल्यावर तो मोड आपोआप चालू होत नाही, कुणीतरी मुद्दाम चालू करावा लागतो. माझ्या जुन्या क्रॉप बॉडीवरही 28 मिलिमीटरला तेवढंच दृश्य दिसायचं, म्हणून मला काही खटकलं नाही. स्क्रीनवर मात्र 24 ऐवजी 10 एम, म्हणजे 10 मेगापिक्सेल, लिहून येत होतं. ते मी वाचलं नाही, याचा राग अजून जात नाही.

विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. पोलिसांत अर्ज दिलाय.

तुम्ही जाल तेव्हा कार्ड स्वतःचं न्या. आधी क्रॉप मोड बंद करा, फोटोचा आकार 24 एम येतोय ना ते वाचा. एक फोटो पांढऱ्या भिंतीचा, एक लेन्सवर झाकण ठेवून, शिवाय मिनिटभर व्हिडिओ. सगळं लॅपटॉपवर पूर्ण आकारात, कडेपासून कडेपर्यंत पाहा. ‘घाई आहे, लवकर बघा’ म्हणाला तर सरळ उठा.

परवा नवी जाहिरात दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, मेणकापड तेच. ‘शटर फक्त 15 हजार.’ म्हणून आज हे लिहायला बसलो.