मेलॅनोमा: गाठीची तपासणी सोबतच, नंतर, की नकोच?

तळपायावरचा काळा डाग काढला आणि रिपोर्टात मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, आला. आपल्याकडे हा कॅन्सर बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो, आणि कुरूप समजून महिनोन् महिने अंगावर काढला जातो. मग घरात घाई सुरू होते. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की इथे वेगापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी रिपोर्टात ब्रेस्लो जाडी, म्हणजे कॅन्सर त्वचेत किती खोल गेलाय ते, बघा. ०.८ मिमीपेक्षा कमी आणि वर व्रण नसेल, तर सेंटिनल गाठीची, म्हणजे डागाकडून येणारी लसीका जिथे सर्वात आधी पोहोचते त्या लसीकागाठीची, तपासणी सहसा लागत नाही. ०.८ ते १ मिमीला डॉक्टरांशी बोलून ठरवा. १ मिमीच्या पुढे ती सुचवतातच. जांघेत गाठ हातालाच लागत असेल तर हा रस्ताच वेगळा, तिथे आधी सुईची तपासणी.

रुंद कापणीसोबत (डागाच्या जागेभोवतीची चांगली त्वचाही काढतात ती शस्त्रक्रिया): डागाच्या जागी किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचतात. लसीकावाहिन्या शाबूत असल्याने तो नेमक्या पहिल्या गाठीत पोहोचतो. भूलही एकदाच.

कापणीनंतर: करता येते, पण वाहिन्या कापलेल्या असतात. त्यात फ्लॅप, म्हणजे शेजारचीच त्वचा, फिरवून जखम झाकली असेल तर रंग भलत्याच गाठीकडे जाऊ शकतो आणि खरी गाठ राहून जाते. म्हणून ‘आत्ता मोठं कापू, गाठीचं नंतर बघू’ असं कुणी म्हणालं तर थांबा. न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी द्रव्याने तपासणी करणारा विभाग) असलेल्या केंद्रात, मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या, जायला दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील. एवढ्या विलंबाने आयुष्य घटतं असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. महिने मात्र घालवू नका.

नकोच: २०१४ साली आलेल्या एमएसएलटी-१ या सेंटिनल गाठीच्या तपासणीवरील मोठ्या अभ्यासाच्या दहा वर्षांच्या निकालात, मध्यम जाडीच्या रुग्णांत तपासणीमुळे मेलॅनोमाचे एकूण मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. आजार उलटणं मात्र कमी झालं. तपासणीचा खरा उपयोग टप्पा कळण्यासाठी आहे, इम्युनोथेरपीचा (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढवणाऱ्या औषधांचा) निर्णय त्यावर बराच अवलंबून असतो.

‘गाठीत निघालं तर सगळ्याच काढतील’ ही भीती आता सोडा. २०१७ च्या एमएसएलटी-२ या पुढच्या अभ्यासात सगळ्या गाठी लगेच काढलेले आणि सोनोग्राफीने नजर ठेवलेले, दोन्ही गटांत तीन वर्षांनी मेलॅनोमापासून बचावलेले ८६ टक्केच होते. लसीका साचून येणारी सूज मात्र गाठी काढलेल्यांत २४ टक्क्यांना आली, नजर ठेवलेल्यांत ६ टक्क्यांना.

वय बरंच झालंय, इतर आजार गंभीर आहेत आणि निकाल काहीही आला तरी पुढचे उपचार घ्यायचे नाहीत, असं रुग्णानेच ठरवलं असेल तर तपासणी न करणंही योग्य. मग जांघेची सोनोग्राफी डॉक्टर सांगतील त्या तारखेला चुकवू नका.