रीपर आणि बाहेरची तीन वाद्यं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी मांडणी सांगतो. एक कीबोर्ड सिंथ, एक रॅकमधलं साउंड मॉड्यूल आणि एक ड्रम मशीन. तिन्ही पाच पिनांच्या मिडी (वाद्यांना नोट्स आणि आज्ञा पाठवण्याची पद्धत) केबलनं चार पोर्टच्या यूएसबी मिडी इंटरफेसला जोडलेली, आणि त्यांचे आवाज ऑडिओ इंटरफेसच्या सहा लाइन इनपुटमध्ये. सीक्वेन्सर, म्हणजे नोट्स साठवून वाद्यांना पाठवणारं संगणकावरचं सॉफ्टवेअर, म्हणून रीपर. रोजच्या वापरानंतर मत पक्कं झालं आहे: बाहेरची वाद्यं वाजवायला हे सॉफ्टवेअर भक्कम आहे, पण ते तुमच्या वतीनं काहीच ठरवत नाही. कुठलं वाद्य कुठल्या पोर्टवर आणि कुठल्या चॅनलवर (एकाच केबलमधला क्रमांक दिलेला स्वतंत्र मार्ग), हे सगळं हातानं सांगावं लागतं.

प्रेफरन्सेसमधल्या मिडी डिव्हाइसच्या पानावर पोर्ट दिसतो म्हणजे तो चालू आहे असं नाही. प्रत्येक आउटपुट तिथे जाऊन चालू करायचा आणि लगेच त्याला वाद्याचं नाव द्यायचं. ‘पोर्ट 3’ म्हणजे काय हे दोन आठवड्यांनी आठवत नाही. मग ट्रॅकच्या राउटिंग खिडकीत मिडी हार्डवेअर आउटपुट निवडायचा. बहुतेकांची पहिली अडचण इथेच येते. चॅनल ‘ओरिजिनल’वर ठेवला तर कीबोर्ड ज्या चॅनलवर पाठवतो, बहुधा 1, त्याच चॅनलवर नोट्स पुढे जातात. मॉड्यूलमधला बेस चॅनल 5 वर ऐकत बसलेला असतो, म्हणून आवाज येत नाही. तिथे थेट 5 निवडा.

दुसरी गोष्ट लोकल कंट्रोल, म्हणजे कळ दाबताच कीबोर्डनं थेट स्वतःचा आवाज वाजवणं. कीबोर्ड स्वतःचा आवाजही काढतो आणि सॉफ्टवेअरमधून तीच नोट त्याच्याकडे परतही येते, त्यामुळे प्रत्येक नोट दोनदा वाजते. आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो आणि पॉलिफनी, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या नोट्सची संख्या, निम्म्यावर येते. लोकल बंद करा: कंट्रोलर 122, किंमत 0. काही वाद्यं बंद करून चालू केली की ही सेटिंग विसरतात, म्हणून हा मेसेज प्रोजेक्टच्या सुरुवातीला ठेवणं सोयीचं पडतं. संगणक बंद असताना कीबोर्ड मुका वाटला तर तो बिघडला असं समजू नका, आधी लोकल तपासा.

तिन्ही वाद्यं थ्रूनं (आलेला मेसेज तसाच पुढे देणारं सॉकेट) एकामागे एक जोडूनही चालतात, मग पोर्ट वेगवेगळे कशाला? गणित करून बघा. मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट. सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून एका बाइटला 10 बिट लागतात, म्हणजे 320 मायक्रोसेकंद. नोट ऑन तीन बाइटची, जवळपास एक मिलिसेकंद. एका बीटवर सहा स्वरांची कॉर्ड, किक, स्नेअर आणि हायहॅट एकत्र आले की नववी नोट पूर्ण पोचायला 8.6 मिलिसेकंद लागतात. किक मागे पडली की तालाचा कणा ढिला वाटतो. रनिंग स्टेटसमुळे (तीच आज्ञा पुन्हा न पाठवण्याची सोय) लागोपाठच्या नोट्सचा एकेक बाइट वाचतो खरा, पण चॅनल बदलला की तो फायदा गेला. प्रत्येक वाद्याला स्वतःचा पोर्ट दिला की ही रांगच मोडते. या सगळ्या मांडणीत पैसे घालावेत असं काही असेल तर ते हेच. आफ्टरटच (दाबून धरलेल्या कळीवरच्या दाबाचा मेसेज) वापरत नसाल तर तो कीबोर्डवरच बंद करा. कळ दाबून धरली की तो सतत मेसेज ओतत राहतो.

कीबोर्डला यूएसबीसुद्धा आहे, तरी पाच पिनांची केबल ठेवली आहे. यूएसबी आणि ऑडिओ दोन्ही एकाच संगणकाला जोडले की ग्राउंड लूप (उपकरणांच्या ग्राउंड तारांचं बंद वर्तुळ) होऊन गुणगुण येऊ शकते. पाच पिनांच्या मिडी इनपुटला ऑप्टोकप्लर (विजेची थेट जोडणी न ठेवता प्रकाशानं संदेश पुढे देणारा भाग) असतो, त्यामुळे मिडीच्या वाटेनं तो लूप पूर्ण होत नाही.

नोट पाठवल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर मोजल्याशिवाय भरून काढता येत नाही. प्रत्येक बीटवर एक नोट, 16 नोट्स, रिमशॉटसारखा तुटक आवाज; तो ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड करून लाट मोठी करा आणि ग्रिडपासूनचं अंतर बघा. 48,000 च्या सॅम्पल रेटला 48 सॅम्पल म्हणजे 1 मिलिसेकंद. सरासरी 312 सॅम्पल आली तर उशीर 6.5 मिलिसेकंदांचा, त्या मिडी ट्रॅकच्या प्लेबॅक ऑफसेटमध्ये उणे 6.5 घाला. प्रत्येक फटका वेगळ्याच अंतरावर पडत असेल तर मात्र हा उपाय लागू पडत नाही. ती थरथर आहे, आणि तिची कारणं इंटरफेस, ड्रायव्हर किंवा भरलेल्या पोर्टमध्ये शोधावी लागतात. उणे ऑफसेट दिल्यावर पहिल्या बारच्या पहिल्या बीटवरची नोट वेळेआधी पाठवायला जागाच उरत नाही. म्हणून गाणं तिसऱ्या बारपासून सुरू करा.

तो मोकळा भाग पॅच, म्हणजे वाद्यात साठवलेला आवाज, बदलायलाही लागतो. क्रम असा: कंट्रोलर 0, कंट्रोलर 32 (हे दोन्ही पॅचची बँक, म्हणजे गट, निवडतात), मग पॅच निवडणारा प्रोग्राम चेंज. क्रम चुकला तर पॅच भलत्याच बँकेतून उचलला जातो. मॅन्युअल 1 पासून मोजतं आणि प्रत्यक्ष संदेश 0 पासून, त्यामुळे शेजारचाच आवाज लागला तर चूक इथे आहे. रीपरची रीबँक फाइल (पॅचच्या नावांची यादी) स्वतः लिहून ठेवली की पॅच नावानं निवडता येतात. ती टाइप करण्यात एक संध्याकाळ जाते, पण मग रोजचा त्रास वाचतो.

ड्रम मशीनला क्लॉक न देण्याचाच सल्ला देईन. क्लॉक म्हणजे लय जुळवण्यासाठी पाठवलेले एका बीटला 24 ठोके. 120 च्या लयीत दर 20.83 मिलिसेकंदांना एक. त्यातली थरथर थेट तालात उतरते. ड्रमचे आवाज सीक्वेन्सरमधूनच नोट्सनं वाजवले की बदलही एकाच जागी करायचे. तरीही क्लॉक हवाच असेल तर तो फक्त त्याच पोर्टवर चालू ठेवा.

शेवटचं मिक्स रेंडर करताना (त्याची फाइल बनवताना) पूर्ण वेगाचा पर्याय निवडला तर बाहेरची वाद्यं त्यात येणारच नाहीत. ती प्रत्यक्ष वेळेतच वाजतात. तिन्हींचे स्टीरिओ आवाज आधी एकत्र रेकॉर्ड करून घ्या आणि वाद्याचा सिसेक्स डंपही (वाद्यातल्या पॅच-सेटिंग्जची मिडीनं घेतलेली प्रत) त्याच प्रोजेक्टमध्ये ठेवा. 32 किलोबाइटचा डंप यायला सुमारे साडेदहा सेकंद लागतात, तोवर कशालाही हात लावू नका. नाव नसलेल्या एका स्वस्त यूएसबी मिडी केबलवर नोट्स नीट जात होत्या, डंप मात्र दर वेळी अर्धवट. म्हणून डंप घेतल्यावर तो वाद्यात परत पाठवून, पॅच जसाच्या तसा येतो का हे त्याच दिवशी पाहा.