जळक्या केसांचा वास आला आणि मी पैसे मोजले

दुकानदारानं कातड्याच्या कडेची करंगळीएवढी पट्टी कापली, लायटर पेटवला आणि पट्टीची मागची, लवदार बाजू ज्योतीवर धरली. "घ्या साहेब, वास घ्या." जळक्या केसांचा वास. मग त्याच बाजूवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब जिरला. अस्सल चामडं ओळखायच्या म्हणून ज्या खुणा मला व्हिडिओ बघून पाठ होत्या, त्यातल्या दोन हा माणूस न मागता दाखवत होता. २२ फूट, फुटाला १६० रुपये, एकूण ३,५२०. (या बाजारात फूट म्हणजे चौरस फूट.) मी तिथल्या तिथे स्कॅन करून पैसे दिले.

त्यानं दाखवलेली एकही परीक्षा खोटी नव्हती. जळलं ते चामडंच होतं. मी कसा फसलो हे कळायला मला पाच आठवडे लागले, म्हणून हे लिहितोय. दुकान धारावीतलं, नाव देत नाही. त्याच रस्त्यावर सरळ व्यवहार करणारी माणसंही मला नंतर भेटली, तेव्हा अख्ख्या धारावीला नावं ठेवू नका.

मी ठाण्यात एका प्लंबिंग कंत्राटदाराकडे ड्रॉइंग काढतो. दिवसभर माउस हलवून कंटाळलेल्या हातांना काहीतरी काम हवं म्हणून पाकिटं शिवायला लागलो. मशिनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे असतात. एक तुटला की शिवण पळत सुटते. हातशिलाईत मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे धरून राहतात. ऐकायला सोपं आहे. पहिल्या पाकिटात शिवणीच्या अडीचपट दोरा घेतला आणि तीन बोटं अंतर उरलेलं असताना तो संपला. चौपट घ्यावा लागतो. दुसऱ्यात एक सुई दुसरीच्या दोऱ्यातून आरपार गेली, मग टाका ना मागे ओढता येईना ना पुढे. तिसऱ्यात कार्ड ८५.६ मिलिमीटर म्हणून कप्पा ८८चा कापला, दोन्हीकडच्या शिवणीला जागा ठेवायची विसरलो. कार्ड आत गेलंच नाही. सहावं पाकीट बायकोनं पहिल्यांदा "बरं आहे" म्हणून हातात घेतलं.

तोवर मी वहीच्या पानाएवढे तयार तुकडे मागवायचो. मग ऑफिसातल्या लोकांनी दिवाळीसाठी दहा पाकिटं सांगितली, ९०० रुपयांना एक, आणि मला पहिल्यांदाच अर्धं कातडं घ्यायची वेळ आली. दुकानदारानं ते गुंडाळीतून सोडवून पसरलं. तांबूस तपकिरी, एकसारखं, कुठं डाग नाही की ओरखडा नाही. "फुल ग्रेन आहे. व्हेज टॅन. कोल्हापुरी चपलेला असतं ना, तसं बाभूळ-हिरड्यात कमावलेलं." (फुल ग्रेन म्हणजे कातड्याची मूळ नक्षी, म्हणजे दाणा, शाबूत असलेला वरचा थर; व्हेज टॅन म्हणजे झाडपाल्यात कमावलेलं.) कोल्हापूरचं नाव निघालं आणि मी विरघळलो. तिथं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कातडं कमावायची जुनी रीत आहे, त्याला कित्येक दिवस लागतात, हे मी वाचलं होतं. ते वाचलेलं त्याच्या तोंडून ऐकताना मला वाटलं, आपल्याला कळणाराच माणूस भेटला.

घरी आल्यावर खरा खेळ सुरू झाला, आणि तो बाजाराचा नव्हता, माझ्याच डोक्याचा होता.

पहिल्या पाकिटाला ४ मिलिमीटर अंतराच्या दातेरी काट्यानं भोकं पाडली, शिवलं, टाका घट्ट ओढला तर दोन भोकांमधलं चामडं चिरून एक लांब फट झाली. मी म्हटलं, जोर जास्त लागला. दुसरं हलक्या हातानं शिवलं, टाके ढिले पडले. मग काटा बोथट झाला असेल म्हणून त्याला धार लावली. मग दोरा जाड आहे असं वाटून ०.८ मिलिमीटरऐवजी ०.६चा आणला. तीन रविवार गेले.

कडांचं त्याहून वाईट. कापलेली कड आधी पॉलिशपेपरनं घासायची, मग गोंद कतीऱ्याचं पाणी लावून लाकडी दांडीनं रगडायची, की ती काचेसारखी चमकते. (हो, उन्हाळ्यात सरबतात घालतो तोच गोंद कतीरा. आमच्याकडे आता त्या डब्यावरून भांडण होतं.) माझ्या आधीच्या तुकड्यांवर हे छान जमायचं. या कातड्याची कड रगडली की कापसासारखी पिंजून यायची. कापलेल्या कडेत मधोमध निळसर करडी रेघ दिसत होती, ती मी डोळ्यांनी पाहिली आणि रंग आतपर्यंत मुरला नसेल म्हणून सोडून दिली. त्या एका रेघेवर थांबलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. झाडपाल्यात कमावलेलं चामडं आतून तपकिरी, पिवळट असतं. निळसर छटा क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेल्या चामड्याची.

आणि सगळ्यात शेवटी घडी. तयार पाकीट आठवडाभर स्वतःच्या खिशात वापरून बघितलं, तर मधल्या घडीवर बारीक भेगा आल्या, नव्या रंगाच्या भिंतीवर येतात तशा. त्याचंही कारण मी शोधून काढलं: गोंद जास्त लागला. तोवर तीन पाकिटं देऊनही झाली होती.

स्टेशनबाहेर एक गटई स्टॉल आहे, पत्र्याचा. गेली अकरा वर्षं मी त्याच्यासमोरून जातोय आणि वर्षातून एकदा चपलेचा अंगठा शिवून घेण्यापलीकडे त्या काकांशी बोललेलो नाही. शिलाई शिकायला मला इटली-जपानच्या लोकांचे व्हिडिओ सुचले, वीस पावलांवर बसलेला माणूस सुचला नाही. याची लाज वाटते ती वाटतेच. त्या दिवशी बॅगेचा पट्टा दुरुस्तीला दिला होता, म्हणून सहज पाकीट दाखवलं आणि विचारलं, "काका, माझा टाका कुठं चुकतोय?"

त्यांनी टाक्याकडे पाहिलंही नाही. पाकीट घडीत उलटं वाकवलं, अंगठ्याचं नख भेगेत घातलं, मग रापीचं, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराचं, टोक आडवं धरून वरचा थर जरासा उचलला. चॉकलेटच्या वेष्टनासारखी एक पातळ तपकिरी पापडी सुटून आली. खाली फिकट, तंतू तंतू.

"टाका बरा हाय तुमचा," ते म्हणाले. "ह्यो खालचा थर हाय, दादा. वर रंगीत पापुद्रा चिकटवलाय. ह्यात आरी घातली तर भोक धरणार कसं?"

म्हशीचं कातडं चार-सहा मिलिमीटर जाड असतं. पाकिटाला लागतं एक-सव्वा मिलिमीटर. म्हणून मशिनवर ते आडवं चिरतात. वरच्या थरात कातड्याचा मूळ दाणा असतो आणि घट्ट विणलेले तंतू, सगळी ताकद तिथं. खाली उरतं त्याला बाजारात स्प्लिट म्हणतात. ते वाईट नसतं, वेल्डरचे हातमोजे त्याचेच होतात, पण त्याचे तंतू सैल असतात. त्यावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पापुद्रा चढवून साच्यानं खोटा दाणा उठवला की ते अगदी देखणं दिसतं. आणि मागून जाळलं तर अर्थातच केसांचा वास येतो, कारण ते चामडं आहेच. पाणीही मागून जिरतं. लायटरची परीक्षा चामडं आणि रेक्झिन यांतला फरक सांगते. चामड्याचा कुठला थर ते सांगत नाही. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून पट्टी प्रत्येक वेळी उलटी धरली.

त्यानंतर उरलेल्या तुकड्यावर मी सूड घेतल्यासारखे प्रयोग केले. वरच्या बाजूनं ज्योत दाखवली तर पापुद्रा आकसला आणि त्याला प्लास्टिकचा वास आला. नखानं ओरखडा काढला, उठला नाही. झाडपाल्यात कमावलेल्या उघड्या चामड्यावर नखाची खूण राहते. वरच्या बाजूला पाण्याचा थेंब दहा मिनिटं मोत्यासारखा बसून होता. जुन्या चांगल्या तुकड्याचा आणि याचा अर्धा-अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून दोन्ही गॅलरीत उन्हात ठेवले. चार दिवसांत जुना उघड्या भागात गडद झाला, हा होता तसाच. भिंग लावून दाणा पाहिला तर तोच नक्षीचा तुकडा ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येत होता. जनावराच्या अंगावर गोचिडाचे डाग असतात, काटेरी तारेचे ओरखडे असतात, मानेला सुरकुत्या असतात. ज्या बेदाग कातड्यावर मी भाळलो, ते बेदाग होतं हीच खरं तर पहिली खूण होती.

मग मापाचाही संशय आला. मागच्या बाजूला खडूनं २२ लिहिलेलं होतं, ते मी वेद वाचल्यासारखं मानलं होतं. पेशा ड्रॉइंगचा, पण स्वतः मोजलं नाही! कापलेले सगळे भाग आणि चिंध्या जमिनीवर मांडून फुटाच्या चौकटी आखल्या. सढळ हातानं मोजूनही साडेअठराच्या वर जाईना.

उरलेलं घेऊन दुकानात गेलो. तो चिडला नाही, हेच जास्त लागलं. "साहेब, लेदर दिलं ना? रेक्झिन तर दिलं नाही." पावती दाखवली. तीवर त्याच्या हातचं होतं: "लेदर १ नग, ३५२०". फुल ग्रेन नाही, व्हेज टॅन नाही, किती फूट तेही नाही, जीएसटी क्रमांक नाही. पैसे दिल्याचा पुरावा माझ्या फोनमध्ये होता; कशाचे दिले याचा कुठंच नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी नीट ऐकून तक्रार नोंदवली, पण पहिला प्रश्न तोच होता: बिलावर काय लिहिलंय? पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, तेव्हा तुमच्याकडे धड बिल असेल तर ३,५२० रुपयांसाठीसुद्धा जाता येतं. माझ्याकडे नव्हतं.

नवं कातडं घ्यायला गेलो तेव्हा काकांनी सांगितल्याप्रमाणे कोपऱ्याचा तुकडा आधी विकत मागितला. एका दुकानानं नाही म्हटलं, तिथून निघालो. दुसऱ्यानं वीस रुपयांना दिला. घरी नेऊन वरून जाळला, वाकवला, कड रगडली, दहा टाके घातले, आणि दुसऱ्या शनिवारी अर्धं कातडं घेतलं. दुकानातच टेपनं मोजलं, आणि बिलावर प्रकार, जाडी, फूट असं सगळं लिहून मागितलं. त्यानं कुरकुर केली पण लिहिलं. फुटाला २१० पडले. त्याला मानेजवळ एक मोठा जुना व्रण आहे. तो मी मुद्दाम एका पाकिटाच्या दर्शनी भागावर घेतला.

आधी दिलेल्या तीन पाकिटांपैकी दोन बदलून दिली. तिसरं घेणारा सहकारी बदली होऊन नागपूरला गेला होता. त्याला फोन करून सगळं सांगितलं, म्हटलं, नवं पाठवतो. तो म्हणाला, "अरे, चांगलं आहे की." मी म्हटलं, घडीवर बघ. थोडा वेळ पलीकडून आवाज नाही.

"त्या भेगा होय," तो म्हणाला. "मला वाटलं, मीच मागच्या खिशात ठेवून बसतो म्हणून पडल्या."