जुनी सिमार १५० लेन्स: आठ महिन्यांनंतर

फोर बाय फाइव्ह कॅमेरा (चार बाय पाच इंची फिल्मचा, भात्याचा) घेतला तेव्हा लेन्सबद्दल मी एकच प्रश्न विचारायचो: फोकल लेंथ किती एमएम? सवय लहान कॅमेऱ्याची. तिथं लेन्स त्याच कॅमेऱ्यासाठी बनलेली असते, कोपऱ्यांची चिंता कंपनीनं केलेली असते. इथं ती आपण करायची.

पहिली घेतली श्नायडरची झेनार, १३५ एफ/४.७. जुन्या प्रेस कॅमेऱ्यांवर असायची ती. टेसार पद्धतीची, चार काचांची, मधोमध झकास. ‘फोर बाय फाइव्हला चालते’ असं विकणारा म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. वाईला गेलो. ढोल्या गणपतीचं शिखर फ्रेममध्ये बसेना. कॅमेरा वर कलता केला तर शिखर मागं पडल्यासारखं दिसतं, म्हणून तो सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवली. ग्राउंड ग्लासवर (मागच्या दुधी काचेवर) उलटं चित्र, भर उन्हात काळ्या फडक्याखाली घामाची धार. खालचे दोन कोपरे काळवंडलेत हे लक्षातच आलं नाही. निगेटिव्ह धुतल्यावर आकाशाचे दोन्ही कोपरे गायब!

घरी येऊन मग कागदावर मांडलं. फिल्मवर चित्र उमटतं साधारण ९६ बाय १२० मिमी, म्हणजे कर्ण १५४. झेनारचा कोन साठ अंशांच्या आसपास, म्हणजे ती फिल्मच्या जागी टाकते ते चित्राचं वर्तुळ जेमतेम १५६. उभ्या फ्रेमला लेन्स वर सरकवायला उरतात दीड मिलिमीटर. दीड! प्रेसवाल्यांना तेवढं पुरायचं, ते कुठं शिखरं टिपत बसायचे. लेन्स चांगलीच आहे, निवड माझी चुकली.

ती विकून श्नायडरचीच सिमार १५० एफ/५.६ आणली, जुनी कन्व्हर्टिबल, म्हणजे काही काचा काढून फोकल लेंथ वाढवता येणारी. सत्तर अंश, एफ/२२ ला (लेन्समधलं भोक बारीक केल्यावर) २१० मिमीचं वर्तुळ. उभ्या फ्रेमला ३३ मिमीपर्यंत वर जाता येतं. त्याच घाटावर, त्याच जागेवरून तीस मिमी सरकवून शिखर कळसासकट घेतलं. मात्र हा २१० चा आकडा एफ/२२ चा आहे. लेन्स पूर्ण उघडी असताना कडेला धूसरच दिसतं, त्यावरून लेन्सला नावं ठेवू नका.

ग्राउंड ग्लासचे कोपरे कापलेले असतात ते कशासाठी, हेही आता कळलं. लेन्स हवी तेवढी सरकवायची, डायफ्रॅम (लेन्समधलं भोक) बारीक करायचा आणि त्या खाचेतून लेन्सकडं बघायचं. भोक अख्खं दिसलं तर ठीक. लिंबाच्या फोडीसारखं टोकदार दिसलं तर तो कोपरा गेलाच म्हणून समजा.

पुढच्या काचांचा गट काढला की तीच लेन्स २६५ एफ/१२ होते. ऐकायला छान. पण भाता बराच ताणावा लागतो, कडा मऊ पडतात, आणि डायफ्रॅम बारीक केला की फोकस सरकतो, म्हणून फोकस पुन्हा बघावा लागतो. एका आजोबांचं पोर्ट्रेट तेवढं मनासारखं आलं. बाकी वेळी मी त्या वाटेला जात नाही.

शटरचं रडगाणं वेगळंच. पावसाळ्यात एक सेकंद म्हणजे जवळपास दोन भरायला लागले. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मोजलं आणि साफ करून घेतलं. जुनी लेन्स घेताना हा खर्च धरूनच चाला.

आता ९० एमएमची वाइड लेन्स हवी आहे. श्नायडरची जुनी अँग्युलॉन एफ/६.८ चिमुकली आणि स्वस्त, पण तिचं वर्तुळ पुन्हा १५४ च्याच घरात. सुपर अँग्युलॉन एफ/८ चं २१६, आणि ती जड, महाग. पैसे साठवतोय.