सात महिने 'टीम', चौदा महिने एजन्सी: विम्याच्या धंद्यातला माझा हिशेब

सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यात, दिवाणजीचं काम करता करता वरचे चार पैसे मिळावेत म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत मी विमा विकणाऱ्या एका 'टीम'मध्ये घुसलो. ऑगस्टमध्ये बाहेर पडलो. नोव्हेंबरपासून एका जीवन विमा कंपनीची रीतसर एजन्सी घेतली, तिला आता चौदा महिने झाले. नावं दोन्हींची लिहीत नाही. इचलकरंजीतल्या ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आधी टीम. दर रविवारी कोल्हापुरात हॉटेलच्या हॉलमध्ये मीटिंग. तिकीट दोनशे रुपये, आपणच काढायचं, आणि पाहुणा आणला तर त्याचंही बहुतेक वेळा आपणच. मे महिन्यात ब्लेझर घालून एसटीत बसलेला माणूस बघितला असेल तर तो मी. फळ्यावर एक गोल, त्याखाली दोन, त्याखाली चार. सहाव्या ओळीपर्यंत खडूवाल्याचा हात दुखायला लागायचा आणि आमचे डोळे चमकायला लागायचे. पहिल्याच दिवशी दोनशे पानी वहीत शंभर नावं लिहायला लावली. माझं पहिलं नाव आई. तिथेच थांबायला हवं होतं.

'ट्रेनिंग किट'चे साडेनऊ हजार भरले. त्यात एक बॅग, दोन पुस्तिका आणि एक बिल्ला. परीक्षा नाही, लायसन्स नाही. "कोड सरांचा आहे, तू फक्त फॉर्म भरून आण," असं अपलाइननं, म्हणजे मला टीममध्ये आणणाऱ्या वरच्या माणसानं, सांगितलं. ह्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. पॉलिसी कागदोपत्री सरांच्या एजंट कोडवर जायची, कमिशन त्यांच्या खात्यात यायचं आणि त्यातला तुकडा मला यूपीआयनं. म्हणजे मी आणलेला गिऱ्हाईक माझा नव्हताच. मी बाहेर पडलो त्या दिवशी सगळे हप्ते, त्यांवरचं पुढच्या वर्षांचं कमिशन, सगळं तिकडेच राहिलं.

सात महिन्यांत मला मिळाले ११,३४०. गेले ते असे: किट ९,५००, रविवारची तिकिटं ४,४००, लोणावळ्याचं 'लीडरशिप' शिबिर ४,५००, ब्लेझर २,२००. एकूण २०,६००. पेट्रोल आणि पाहुण्यांचे चहा धरलेले नाहीत.

पण खरी खोट वेगळीकडे बसली. माझा 'लेग', म्हणजे साखळीतली माझी फांदी, चालू राहावा म्हणून महिन्याला एक तरी पॉलिसी लागायची. मार्चमध्ये चुलतभावाच्या बायकोला, आमच्या वहिनीला, चोवीस हजार वार्षिक हप्त्याची एंडोमेंट, म्हणजे विम्यात बचत जोडलेली पॉलिसी, घ्यायला लावली. ती शिवणकाम करते. मी तिला विमा समजावलाच नाही, फळ्यावरचे गोल समजावले. दोन माणसं जोडलीस की हप्ता वरच्या वर निघतो, असं सांगितलं. माणसं जोडली गेली नाहीत आणि दुसऱ्या वर्षीचा हप्ता तिला झेपला नाही. तेव्हाच्या पॉलिसीला निदान दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर केलं, म्हणजे मुदतीआधी मोडली, तरी काही परत मिळत नव्हतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलले. आता पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष झालं की काहीतरी हातात येतं. वहिनीची पॉलिसी सात महिने आधीची. चहाची बशी पुढे सरकवत तिनं विचारलं, "भाऊजी, ते पैसे कधी मिळायचे?" मी बशीकडेच बघत बसलो.

टीममध्ये अमेरिकेतले व्हिडिओ खूप दाखवायचे. तिकडे हा प्रकार कायदेशीर आहे हे खरं. आर्थर विल्यम्सनं १९७७ मध्ये उभी केलेली कंपनी, जी आज प्रायमेरिका म्हणून ओळखली जाते, ती याच पद्धतीनं वाढली. पण त्या विल्यम्सचा सगळा जोर होता 'स्वस्त टर्म घ्या, उरलेले पैसे वेगळे गुंतवा' ह्यावर. टर्म म्हणजे बचत नसलेला, माणूस गेला तरच पैसे देणारा विमा. आम्ही त्याचे व्हिडिओ बघून एंडोमेंट विकत होतो!

आणि इकडे? एजन्सीसाठी गेलो तेव्हा नव्या मॅनेजर साहेबांना मी मोठ्या फुशारकीनं माझा 'अनुभव' सांगितला. त्यांनी विमा कायद्याचं पुस्तक उघडून कलम ४२अ वर बोट ठेवलं. मल्टीलेव्हल मार्केटिंगमधून, म्हणजे माणसाखाली माणसं जोडत, विमा विकणं २०१५ च्या दुरुस्तीनं थेट बंद केलंय. विमा नियामक पोलिसांत तक्रार करू शकतो. "हा अनुभव अर्जात लिहू नका," एवढंच म्हणाले.

एजन्सीचा रस्ता कंटाळवाणा आहे. पंचवीस तासांचं प्रशिक्षण, मग पन्नास प्रश्नांची एक तासाची परीक्षा, मराठीत देता येते. टाळ्या नाहीत, फुगे नाहीत. पण कोड माझ्या नावाचा. पहिल्या कमिशनचा एसएमएस माझ्या बँकेकडून आला तेव्हा मी दोनदा वाचला.

'स्वतंत्र' हा शब्द मात्र जपून घ्या. एजंटला जीवन विम्याची एकच कंपनी धरता येते. दुसऱ्या कंपनीची टर्म स्वस्त दिसली तरी मी ती विकू शकत नाही. आणि साखळी इथेही आहेच: एजंटांना उभं करणाऱ्या माणसाला त्यांच्या धंद्यावर मिळतं. फरक असा की ते विकलेल्या पॉलिसीवर मिळतं. माझ्याकडून किटचे पैसे कुणी मागितले नाहीत, आणि खालची माणसं आणल्याशिवाय माझं काही अडत नाही.

चौदा महिन्यांत सतरा पॉलिसी. पहिल्या वर्षाचे हप्ते मिळून २,४६,०००. त्यावर कमिशन साधारण ६१,०००. गेल्या दोन महिन्यांत चार पॉलिसींचे दुसरे हप्ते आले, त्यावर ३,१००. दोन बंद पडल्या. सरासरी काढली तर महिन्याला साडेचार हजार पडतात. म्हणून सायझिंगची नोकरी सोडलेली नाही, आणि 'फुलटाइम उतरा' म्हणणाऱ्या कुणाचं ऐकू नका. तीन-चार वर्षांचे हप्ते एकावर एक साचल्याशिवाय घर चालत नाही.

आता त्रास. प्रत्येक तिसरा गिऱ्हाईक विचारतो, "निम्मं कमिशन सोडता का?" कलम ४१ प्रमाणे ते गुन्ह्यात जातं, दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि हे प्रस्ताव अर्जावर छापलेलं असतं. मी अर्ज उलटून दाखवतो. गिऱ्हाईक हसतो आणि सोडणाऱ्याकडे जातो. सोडणारे गावात भरपूर आहेत.

दुसरा त्रास माव्याचा. एका यंत्रमाग कामगाराला, वय चौतीस, पन्नास लाखांची टर्म हवी होती. खिशातून पुडी डोकावत होती आणि तो म्हणत होता, "तंबाखूच्या रकान्यात नाही लिवा की ओ." टीममध्ये असताना मी डोळे झाकून 'नाही' लिहिलं असतं, अपलाइनचा तसा हुकूमच होता, नाहीतर मेडिकल लागतं. आता कलम ४५ डोक्यात बसलंय: पहिल्या तीन वर्षांत लपवाछपवी उघड झाली तर कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते. त्याची बायको क्लेमचे कागद घेऊन माझ्याच दारात येणार. 'होय' लिहिलं. हप्ता वाढला आणि तो दुसऱ्या एजंटकडे गेला. तिकडे काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. त्या रात्री मला टीमची आठवण आली, खोटं कशाला बोलू.

चांगलं म्हणाल तर, २२ सप्टेंबर २०२५ ला वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. टर्मवर तो अठरा टक्के होता. वर्षभर 'बघू' म्हणणाऱ्या दोघांनी त्याच आठवड्यात फोन केले.

आणखी एक सवय लागली. पॉलिसी हातात पडली की मीच सांगतो, तीस दिवसांत नको वाटली तर परत करता येते. एकानं खरंच केली. कमिशन गेलं. पण दिवाळीत त्यानंच मला मेहुण्याकडे नेलं. टीम सोडल्यावर शंभर नावांच्या वहीतल्या कितीतरी घरांच्या गल्ल्या मी टाळत होतो, आता हप्त्याच्या तारखेआधी आठवडाभर दारोदार जावंच लागतं, आणि लोक आत बोलावतात.

वहिनीनं माझ्याकडून नवीन पॉलिसी घेतलेली नाही. मी विचारलंही नाही. एजन्सीच्या पैशातून तिचे पैसे फेडतोय. अकरा हजार दिलेत, तेरा राहिलेत.