आरएक्सची रेस उतरत नसेल तर उद्यमनगरात जा

आरएक्स १०० ही यामाहाची जुनी टू-स्ट्रोक बाइक दुरुस्त करणारं हे गॅरेज कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आहे. बोर्ड नाही, नकाशावर सापडत नाही. दारात आरएक्स १०० ओळीनं उभ्या दिसल्या की तेच. मालकाला सगळे मामाच म्हणतात.

माझी गाडी वडिलांची, १९९४ची. थंड असताना एकदम शहाणी. गरम झाली की मात्र सिग्नलला मूठ सोडली तरी रेस वरच अडकायची, मग सावकाश, उपकार केल्यासारखी खाली यायची. आधी ज्याला दाखवली त्यानं कार्बोरेटर धुतला, जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलले आणि स्लो, म्हणजे मूठ सोडल्यावरची रेस, कमी करून दिला. झालं काय, सकाळी गाडी बंद पडायला लागली आणि दुपारी रेस परत तिथंच.

मामांनी पाना उचललाच नाही. 'रंकाळ्याला एक चक्कर मारून गरम करून आण,' म्हणाले. आणली. रेस चढलेली असतानाच त्यांनी पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा चोक लावला, आणि इंजिन खाली बसलं. 'मिक्श्चर पातळ हाय, पेट्रोल कमी नि वारा जास्त. जेट तर नवेच घातल्यात. म्हंजे वारा दुसरीकडनं शिरतोय. कार्बोरेटर उगंच मार खातोय बिचारा.'

मग स्प्रे, गळती असेल तिथून तो आत ओढला जातो. कार्बोरेटर आणि रीड व्हॉल्व्ह (मिक्श्चर आत घेणारी झडप) यांच्या मधलं जे रबर असतं, त्याच्याभोवती थोडाथोडा मारत गेले. वरून मारला, काही नाही. खालून मारला तसा इंजिनचा आवाज बदलला. रबर काढून अंगठ्यानं वाकवून दाखवलं. एरवी दिसणारही नाही अशी भेग, वाकवली की उघडत होती. थंड असताना मिटलेली, गरम झालं की सैल.

दुसऱ्या कुणी रबर बदलून पैसे घेतले असते. मामांनी नवं रबर बसवून परत चक्कर मारायला लावली. फरक पडला, पण रेस अजून किंचित रेंगाळत होती. मग गिअर ऑइलचा वास घेतला. पेट्रोलचा वास नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, म्हणजे क्लचकडचा सील (क्रँकच्या टोकाला वारा-तेल अडवणारं रबरी कडं) ठीक. डावीकडचं कव्हर आणि मॅग्नेट काढलं तर मागं तेलकट ओल. या बाजूचा क्रँकचा सील गेलेला. टू-स्ट्रोकमध्ये मिक्श्चर क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे तिथून वारा ओढला तरी लक्षण कार्बोरेटरचंच दिसतं. हा सील इंजिन न फोडता बाहेरून निघतो, हेही मला तिथंच कळलं.

शेवटी कार्बोरेटर. आधीच्यानं हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू पूर्ण आत पिळून ठेवला होता आणि पेट्रोल मोजणाऱ्या सुईची क्लिप खालच्या खाचेत घातली होती, म्हणजे गळती झाकायला पेट्रोल वाढवलेलं. या मिकुनी कार्बोरेटरला स्क्रू आत गेला की मिक्श्चर जाड होतं, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊ नये. क्लिप मधल्या खाचेत आली, स्क्रू दीड आटा बाहेर. आता मूठ सोडली की रेस टपकन खाली. नाद खुळा!

रबर, सील आणि मजुरी धरून हजाराच्या आसपास गेले. जुने पार्ट हातात दिले. पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल आहे, जुन्या रबराला ते मानवत नाही, तेव्हा गाडी उभी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद कर, एवढं बजावलं. पातळ मिक्श्चरवर टू-स्ट्रोक ताणली तर पिस्टन जाम होतो, त्यामुळे माझ्यासारखं महिनोन्महिने ढकलत बसू नका.

तक्रारी आहेत. बिल मिळत नाही. फोन उचलला तर नशीब. बसायला एक खुर्ची, तिच्यावर कायम कुणाचा तरी सिलिंडर ठेवलेला. आवाजाचा सायलेन्सर बसवून मागितलात तर चारचौघांत शिव्या खाल. फोर-स्ट्रोक घेतात, पण तोंड वाकडं करून. बुलेटवाल्यांनी येऊच नये.

सोमवारी बंद. सकाळी दहाच्या आत गेलात तर नंबर लागतो, आणि गाडी टेम्पोत घालून नेऊ नका, चालवत न्या. थंड इंजिन ते बघत नाहीत.